आबांची तारीख

आमच्या केंद्रात माणूस ठेवायला येणारे नातेवाईक पहिल्या भेटीत हमखास एक वाक्य बोलतात. "चार दिवस ठेवून बघू म्हणतो." माझी निम्मी नोकरी साजगावच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात झाली. त्यामुळे कुणी आकडा उच्चारला की मला तो खरा वाटतो. सुरुवातीला मी विचारायचो, "म्हणजे सोमवार ते गुरुवार का?" समोरची माणसं माझ्याकडे अशी बघायची की दाखल व्हायला मीच आलोय. आता विचारत नाही. या वाक्यातले चार दिवस माणसाच्या मरणापर्यंत चालतात, हे मला उशिरा कळलं. पण अजूनही ते वाक्य ऐकलं की आत कुठेतरी बेरीज चुकल्यासारखं होतं.

या धंद्यात मी आलो तोही सामानाबरोबर. कारखाना बंद पडला, सामानाचा लिलाव झाला. लांब लाकडी बाकं, लोखंडी कपाटं, हिरव्या रेक्झिनची टेबलं, सूचना लावायचा फळा, असं सगळं एका गृहस्थांनी घेतलं. चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला ते स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी निवासी केंद्र काढत होते. मी एकेक नग मोजून त्यांच्या टेंपोत चढवत होतो. त्यांनी विचारलं, "तुम्ही पुढे काय करणार?" मी म्हटलं, "अजून काही नाही." ते म्हणाले, "मग शेवटच्या खेपेला तुम्हीही बसा." खालापूरला घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही लिलावातच घेतलं."

माझ्या पदाचं नाव व्यवस्थापक असलं तरी खरं काम कुटुंबांशी बोलण्याचं. स्मृतिभ्रंश म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, असं पुष्कळांना वाटतं. चष्मा कुठे ठेवला ते मीही विसरतो. या आजारात चष्मा हातात असतो आणि ही वस्तू कशासाठी आहे तेच कळत नाही. अंगाने मात्र माणूस धडधाकट असू शकतो. तो चालतो, पळतो, कडी काढतो, गॅस चालू करतो. त्याच्या मागे घरातलं एक माणूस सतत उभं राहतं, आणि बहुतेक वेळा आधी तेच कोसळतं.

कुटुंब आलं की ते आधी इथल्या इतर माणसांकडे बघून घेतं. मग हळूच म्हणतं, "आमचे बाबा अजून इतके नाहीत झाले." प्रत्येक कुटुंबाला आपल्यापेक्षा वाईट झालेलं दुसऱ्या कुणाचं तरी माणूस इथे सापडतं. सगळ्यांचेच बाबा इतके झालेले नसतील तर मग इतके झालेले कोण, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जो सगळ्यात जास्त बोलतो, तो सगळ्यात कमी करतो. म्हणून सगळ्यांचं बोलून झालं की मी एकच प्रश्न विचारतो: "रात्री कोण उठतं?" सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळतात. ते बहुधा दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ बसलेलं असतं. त्यानंतर मी फक्त त्याच्याशी बोलतो.

माझा एक नियमही आहे. खोटं सांगून आणलेल्या माणसाला मी दाखल करून घेत नाही. हा नियम मालकांचा नाही, माझा आहे. डोंबिवलीच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलांनी "लग्नाला जायचंय" असं सांगून आणून सोडलं होतं. ते पुढे कित्येक दिवस रेशमी झब्बा घालून पहिल्या पंगतीची वाट बघत. वाढायला आलेल्या शेवंतामावशीच्या हातात आहेराचं रिकामं पाकीट ठेवत आणि नवरीमुलगी दिसत कशी नाही, असं काळजीने विचारत. शेवंतामावशी आमची स्वयंपाकीण. तिने एकदा मला सांगितलं, "साहेब, मला त्यांच्या डोळ्यात बगवत नाय." तेव्हापासून मी घरच्यांना सांगतो की इथे काय आहे आणि कशासाठी आणलंय ते तुमच्या तोंडाने, माझ्यासमोर सांगा. आणलेल्या माणसाला ते समजलं नाही तरी चालेल. सांगणाऱ्याला तरी समजतं.

हा नियम मी अभिमानाने पाळत होतो. मग भोईर आले.

एका सोमवारी सकाळी फाटकाशी एक टेंपो आणि त्याच्यामागे एक गाडी थांबली. टेंपोतून आधी प्लास्टिकच्या खुर्च्या उतरल्या. तुमच्याकडे बसायची गैरसोय नको, असं एकाने सांगितलं. मग माणसं उतरली. इस्त्रीचे शर्ट, टोप्या, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या, एकीच्या हातात पेढ्यांचा पुडा. शेवटी दोघांनी हात धरून एका उंच, ताठ म्हाताऱ्याला उतरवलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काखेत प्लास्टिकची पिशवी. हे धर्मा बाळू भोईर, चौकजवळच्या एका गावातले भातशेतकरी. घरात त्यांना आबा म्हणत. पनवेलच्या डॉक्टरांनी आजाराचं निदान केव्हाच केलं होतं.

आबांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि बाकीचे माझ्या खोलीत, स्वतःच्या खुर्च्या घेऊन, शिरले. मधल्या खुर्चीवर आबांची थोरली बहीण बसली. तिला सगळे आत्याबाई म्हणत होते. नव्वदीकडे झुकलेली, पण आवाज खणखणीत. तिने माझी चौकशी सुरू केली.

"पानी कंचं?"

"बोअरचं. तपासून घेतलेलं आहे."

"मान्सं कशी हायत हितली?"

"चांगली आहेत."

"वळनाची हायत ना?"

"आत्याबाई, इथे सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत."

"मंग काय झालं? वळन मरंपरेंत जात नाय." तिने खोलीवरून नजर फिरवली. "जेवनात तांदळाची भाकरी असते?"

"असते."

"नि सुकट?"

"सुकट नसते. वासाने काही जणांना त्रास होतो."

आत्याबाईने ओठ मुडपले. अख्ख्या बैठकीने ओठ मुडपले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हितं जरा आडतंय." तेवढ्यात शेवंतामावशीने पाव्हणे बघून पोह्यांच्या बश्या आणल्या, आणि मला एकदम उलगडा झाला. ही मंडळी स्थळ बघायला आली होती. घरातलं माणूस दुसऱ्या घरी द्यायचं, तर ते कसं द्यायचं याची त्यांच्याकडे एकच रीत होती आणि ती त्यांनी इमानाने आणली होती. पोहे खाऊन झाल्यावर एक काका स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासलेली आहेत का ते बघून आले. एकाने तर "मालकांचं मूळ गाव कंचं?" असंही विचारलं.

मी माझा प्रश्न टाकला. "रात्री कोण उठतं?"

माना वळल्या. दारापाशी पंचेचाळीस-सत्तेचाळीसची एक बाई खुर्चीच्या कडेवर, एका बाजूला कलून बसली होती. आबांची सून मंदा. तिचा नवरा किसन चौकला गॅरेज चालवतो. तो शेजारी बसून हातावरचा ग्रीसचा डाग निरखत होता.

"मीच उठते," ती म्हणाली. "आबा उठतात नि बांधावर जायला निघतात. बांध ऱ्हायलाच नाय आता, तितं गाळे झालंत. त्यांना उचलून मागं आनावं लागतं. डाक्टरनं मला सांगितलंय वजन उचलायचं नाय. कंबरेचं आपरेशन करायचंय. डावा पाय बधिर व्हतो माजा."

"ऑपरेशन कधी आहे?"

"आबांचं काय ते ठरलं की."

"हे बगा साहेब," समोरून आवाज आला. आबांचा पाठचा भाऊ सोमाकाका. "आमच्या भावकीत म्हातारं मानूस भायेर ठेवायची रीत नाय. सून घरात असताना तर नायच नाय."

मंदाने मान न वळवता म्हटलं, "मंग काका, उद्याच्यापासून तुमी या आंगोळ घालायला. शेजारीच तर ऱ्हाता."

"मी आलो तर तो काठी उचलतो, तुला ठावं हाय!"

खोलीत हशा पिकला. सोमाकाकाही हसले, पण लगेच थांबले. काठी खरी होती. या दोन भावांचा हातभर रुंदीच्या एका बांधावरून वाद होता. तो तहसील कचेरीत गेला आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. कचेरीचा त्यात दोष नव्हता. एकदा हा आजारी म्हणून पुढली तारीख मागायचा, एकदा तो. पुढे दोघांनीही जमीन एकाच गिऱ्हाइकाला विकली, बांध दोन्ही बाजूंनी गेला आणि प्रकरण आपोआप मिटलं. सोमाकाका ते विसरून गेले. आबा बाकी सगळं विसरले, हे तेवढं राहिलं.

मी किसनला विचारलं, "आज इथे येताना आबांना काय सांगितलंत?"

त्याने ग्रीसचा डाग चोळला. "खालापूरला तारीख हाय म्हटलं. दुसरं काय सांगून घराभायेर निगत नाय."

मी नियम सांगितला. खोटं सांगून आणलंय, आज दाखल करता येणार नाही. मला वाटलं, वाद होईल. उलट खोलीभर सुटकेचा श्वास पसरला. सगळेच एकदम उठले, खुर्च्या मिटल्या. आत्याबाई म्हणाली, "पसंती कळवतो." फक्त मंदा बसून राहिली. तिने चपला पायात सरकवल्या, त्यातली डावी तिला पायाने सापडेना.

बाहेर आलो तर आबा उठायला तयार नव्हते.

"पुकारा झाला नाय अजून," ते म्हणाले.

कचेरीत शिपाई दाराशी येऊन पक्षकाराचं नाव मोठ्याने ओरडतो, तो पुकारा. आमच्या व्हरांड्यात लांब बाकं, भिंतीला लोखंडी कपाटं, सूचनांचा फळा, आत हिरव्या टेबलामागे चष्मा लावलेला मी. आबांनी इमारत पाहताक्षणी ओळखली होती. घरी तासभर एका जागी न बसणारा माणूस इथे सकाळपासून मांडीवर पिशवी धरून तृप्त बसला होता. आयुष्यात जिथे नुसतं बसून राहणं हेच काम होतं, अशा ठिकाणी तो परत आला होता.

किसनने दंड धरला. आबांनी बाक धरला. कारखान्याचा बाक आहे, चौघांना उचलत नाही. जी मंडळी आबांना इथे ठेवायचं की नाही ते ठरवू शकत नव्हती, त्यांना आता आबांना घरी नेता येईना. अशी परिस्थिती आमच्या केंद्रात पूर्वी कधी आली नव्हती.

शेवंतामावशी माझ्या कानाशी म्हणाली, "साहेब, द्या की एकादी तारीख."

"मी काय तहसीलदार आहे?"

"दिसता तर तसंच."

मी पुढे झालो. आबा ताडकन उभे राहिले. "भाऊसाहेब," त्यांनी हात जोडले.

मी विचार केला. पुढच्या सोमवारी ही मंडळी निर्णय कळवायला येणारच होती. म्हणून मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी या." यात खोटं काही नव्हतं.

"सोमा हजर व्हता, लिहून घ्या. मागनं म्हनंल, मला सांगितलंच नवतं."

सोमा हजर होता, हेही खरंच होतं. मी लिहून घेतलं. आबा टेंपोत जाऊन बसले.

पुढच्या सोमवारी ते उजाडताच धोतर नेसून तयार झाले, असं मंदाने सांगितलं. सोमवार सोडून इतर दिवशी वार कळत नसे. सोमवार मात्र कसा कळायचा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. कुटुंबाची बैठक झाली नव्हती. सुकटीचा मुद्दा आत्याबाईला खात होता, आणि एक पुतण्या उरणहून यायचा राहिला होता. पण तारीख दिली होती, म्हणून मंदा आबांना रिक्षाने घेऊन आली. संध्याकाळी जाताना आबांनी पुढली तारीख मागितली. मी दिली.

असे किती सोमवार गेले ते मी मोजले नाहीत, यावरून माझं कुठेतरी बिनसलं होतं हे लक्षात यावं. आबा येत, दिवसभर बाकावर बसत. मंदा माझ्या खोलीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपत असे. तेवढीच तिची आठवड्याची झोप.

पहिल्या अडचणीवर शेवंतामावशीने तोड काढली. आबा जेवायला उठत नसत, मधेच पुकारा झाला तर? म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात पळी, खड्या आवाजात ओरडली, "धर्मा बाळू भोईऽऽर, हाजिर हाय का?"

"हाजिर!" आबा टोपी सारखी करून आत गेले आणि पान चाटूनपुसून उठले. "निकाल काय?" असं मी जाता जाता विचारलं, तर म्हणाले, "आज नुसतं जेवनावर भागवलं."

हे इतरांनी पाहिलं आणि आमची व्यवस्था पार बदलली. पनवेलचे एक निवृत्त बँक अधिकारी बाकावर आबांच्या शेजारी येऊन बसू लागले. त्यांचं काही काम नव्हतं, पण आपला नंबर जाऊ नये अशी त्यांची इच्छा होती. आमच्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका पूर्वी घास भरवून घेत. त्यांनी पुकाऱ्याशिवाय ताटावर बसायला नकार दिला. शेवंतामावशीने त्यांच्या नवऱ्याच्या नावाने पुकारा केला. बाई हलल्या नाहीत. मग कागद काढून मी माहेरचं नाव शोधून दिलं. तो पुकारा होताच बाई "उपस्थित!" म्हणून उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या हाताने जेवल्या. आठवड्यातून एकदा तपासायला येणारे डॉक्टर सोमवारी आले, तर व्हरांड्यात ओळीने सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले. एकाने त्यांना थांबवलं. "मागे उभे राहा. आम्ही सकाळपासून आहोत."

मला गंमत वाटत होती. आणि ज्याने नियम केला तोच दर सोमवारी तारखा वाटतोय, हे खुपतही होतं. प्रत्येक तारीख खरी असते, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. एखाद्या वस्तूची प्रत्येक नोंद बरोबर आणि एकूण हिशेब खोटा, हा प्रकार मी कारखान्यात इतरांच्या कामात पकडलेला होता.

मग एका सोमवारी मंदा रिक्षातून उतरली ती डावा पाय ओढत. व्हरांड्याची पायरी चढताना तिने आबांचा आधार घेतला. आबांनी तिला परक्या बाईला द्यावा तसा, अदबीने हात दिला. डॉक्टर तिथेच होते. त्यांनी तिचा पाय तपासला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आता वाट बघितली तर हा पाय तसाच राहील. ऑपरेशन ताबडतोब करायला हवं, आणि पुढे वजन उचलणं जन्मात नाही.

मी किसनला फोन केला. "सगळ्यांना घेऊन या. खुर्च्या आणायची गरज नाही."

ते खुर्च्या घेऊनच आले. आत्याबाईने सुकटीवर तडजोड केली होती. घरून डबा आणला तर चालेल का, एवढं तिने विचारून घेतलं. उरणचा पुतण्या आला होता. किसन म्हणाला, "ठेवू या." मग सगळे सोमाकाकांकडे बघायला लागले, कारण घरात आता थोरला पुरुष तेच.

"माजं मत बदललेलं नाय," सोमाकाका म्हणाले. "गावात तोंड काय दाखवू? सख्ख्या भावाला आश्रमात टाकला म्हनतील. बांध खाल्ला, आता भावाला घालवला म्हनतील."

त्यांचं खरं दुखणं तिथे होतं, हे तेव्हा मला कळलं. मंदा टेबलाला धरून उभी होती, खाली बसताना तिच्या कंबरेत कळ येत होती.

मी म्हटलं, "तुमचं काय ते ठरवा. पण ठेवायचं असेल तर आधी आबांना खरं सांगावं लागेल. कोण सांगतंय?"

"तुमीच सांगा," आत्याबाई म्हणाली.

"मी परका."

"मी सांगितलं तर काठी," सोमाकाका म्हणाले. किसनला फोन आला आणि तो बाहेर गेला. मला फोनची घंटा ऐकू आली नव्हती.

"मी सांगते," मंदा म्हणाली, आणि भिंत धरत व्हरांड्यात गेली. बँक अधिकाऱ्यांनी सरकून तिला जागा दिली. अख्खं गणगोत दारात गोळा झालं.

"आबा, आयकता का?"

"पुकारा झाला?"

"पुकारा नाय. ही कचेरी नाय, आबा. हितं तुमच्यासारखी मान्सं ऱ्हातात. त्यांची नीट बरदास्त व्हते." तिने एका हाताने बाकाची कड धरली. "मला आता व्हत नाय. माजी कंबर गेली. मी तुमाला उचलू शकत नाय. म्हनून तुमाला हितं ठेवायचंय. कायमचं. मी येत जाईन, पन ऱ्हायचं हितं."

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"म्हंजे निकाल लागला?"

मंदाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"लागला," ती म्हणाली.

"कुनाच्या बाजूनं?"

तिने डावा पाय हाताने उचलून सरळ केला. मग म्हणाली, "माज्या."

आबांनी तिला नीट न्याहाळलं. "तुमी कोन?"

"मंदा. तुमची सून."

"मंग घरातच ऱ्हायलं म्हना की!" आबांचा चेहरा उजळला. आणि मग एकदम सावध झाला. त्यांनी दारातल्या घोळक्यावरून नजर फिरवली आणि नेमके सोमाकाका शोधून काढले. गेली किती तरी वर्षं त्यांनी भावाला नावाने हाक मारली नव्हती, असं नंतर किसनने सांगितलं.

"सोम्या, प्रांताकडं जानार का रं?"

तहसीलदाराच्या निकालावर अपील करायचं तर आमच्याकडे कर्जतला प्रांताधिकाऱ्यांकडे जावं लागतं. दारातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आणि प्रश्न खरा कशाचा आहे, हेही त्या क्षणी प्रत्येकाला कळलं. सगळ्या माना सोमाकाकांकडे वळल्या. मंदा मात्र वळली नाही. ती स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत बसली होती.

सोमाकाकांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं, परत घातली.

"नाय जात," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोल. भाऊसाहेबांना आयकू जाऊ दे."

"नाय जात रं दादा! सूनबाय म्हनते तसं हू दे."

"लिहून घ्या," आबा मला म्हणाले. आत्याबाईने पदर तोंडाला लावला. किसनचा फोन संपला होता, तो येऊन बापाच्या पायाशी उकिडवा बसला. याही वेळी आणलेला पेढ्यांचा पुडा कुणीतरी फोडला. मला वाटलं, झालं. नियम पाळला गेला, खरं सांगितलं गेलं, सगळ्यांचा होकार मिळाला.

तेवढ्यात आबा उठले. पिशवी काखेत मारली.

"चला मंग," ते म्हणाले. "निकाल लागला. घरी जाऊ."

पेढा हातात तसाच राहिला. बरोबरच होतं त्यांचं. काम झाल्यावर कचेरीत कोण थांबतो? ते पायरीकडे निघाले. त्यांना धरायला मंदा सवयीने उठली, पाय लटपटला, ती परत बाकावर आदळली. आबा दोन पावलं पुढे गेले होते. खाली टेंपो उभा होता आणि त्याचं दार उघडं होतं.

मी हाक मारली. "आबा! नक्कल?"

ते थांबले.

"निकालाची नक्कल मिळायची आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "नक्कल हातात आल्याशिवाय कसे जाता?"

आबांच्या चेहऱ्यावर शंका आली. ते एकदा टेंपोकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मी आयुष्यात इतकं स्वच्छ, बिनबुडाचं, नोंद नसलेलं खोटं कधी बोललो नव्हतो, आणि ते पुरेसं पडत नव्हतं.

"नकलेला येळ लागतो, दादा," सोमाकाका पुढे झाले. त्यांनी आबांच्या दंडाला हात लावला. काठी उचलली गेली नाही. "तू बस हितं. नक्कल सोडून गेलास तर उद्या कागुद कुनाकडं मागशील? मी बोलतो भाऊसायबांशी."

"येळ लागतो खरा," आबा म्हणाले, आणि परत येऊन बाकावर बसले.

नियम माझा आणि तो मीच, सगळ्यांच्या देखत मोडला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी खरं सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, हो. "मग?" मी म्हटलं, त्यावर खोटं लावलं. ती म्हणाली, "मग जेवा आता." मी अजून नियम पाळतो. कुटुंबांना खरं सांगायला लावतो. त्यानंतर काय करायचं, हे मात्र आता मी विचारत नाही.

मंदाचं ऑपरेशन झालं. पायात पूर्ण बळ आलं नाही, पण ती काठी घेऊन चालते. पहिले दोन महिने तिला प्रवासाची मनाई होती. तेवढ्या काळात सोमाकाका दर सोमवारी यायचे, बाकावर भावाशेजारी बसायचे. जाताना ते मला उगाच विचारत, "आली का नक्कल?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघून जात.

मग एका सोमवारी मंदा आली. हातात सुकटीचा डबा, दुसऱ्या हातात काठी. आबांनी तिला ओळखलं नाही. ती पायऱ्या चढेपर्यंत मात्र ते तिच्याकडे बघत होते.

"बाय, तुमचं काय काम?" त्यांनी विचारलं.

मंदाने डबा खाली ठेवला. "नकलेसाठी आलेय."

आबांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली.

"बसा मंग," ते म्हणाले. "घाई करू नका. घाई केली तर हितं काम व्हत नाय."